एकाहत्तर सेकंद

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस एक अख्खी दुपार मी दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघत होते. बोस्टन मॅरेथॉनच्या २०२५ च्या प्रवेशाचा निकाल लागायचा होता. माझी वेळ होती ३ तास ४४ मिनिटं २० सेकंद. माझ्या वयोगटाची, म्हणजे ४५ ते ४९ वर्षांच्या बायकांची पात्रता वेळ होती ३ तास ५० मिनिटं. म्हणजे माझ्या गाठीशी पाच मिनिटं चाळीस सेकंद होते. आदल्या वर्षी ज्यांच्याकडे ५ मिनिटं २९ सेकंद किंवा त्याहून जास्त बफर होता, त्या सगळ्यांना प्रवेश मिळाला होता. माझ्याकडे त्याहून अकरा सेकंद जास्त. या अकरा सेकंदांच्या भरवशावर मी जानेवारीपासून निर्धास्त होते. दुसरी शर्यत धावले नाही, उन्हाळाभर आरामात पळत राहिले, आणि एप्रिलच्या तारखांना घरातलं कुठलंही कार्य ठेवू नका म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मेल आला. प्रवेश नाही. त्या वर्षीचा कट-ऑफ ६ मिनिटं ५१ सेकंद.

मी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. एकाहत्तर सेकंद कमी पडले होते. मग परत केली, कारण पहिल्यांदा हात कापत होता. उत्तर तेच आलं.

त्यानंतर कितीतरी दिवस एकच प्रश्न ऐकला. "अगं, तू तर क्वालिफाय झाली होतीस ना? मग?" नवऱ्यालासुद्धा मला हे दोनदा समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही नीट सांगते. पात्रता वेळ गाठली म्हणजे अर्ज करायचा हक्क मिळतो. जागा मिळतेच असं नाही. सप्टेंबरमध्ये एक आठवडा अर्ज घेतात. त्या आठवड्यात कोणी आधी भरला, कोणी शेवटच्या तासाला भरला, याने काही फरक पडत नाही. मग प्रत्येकाने आपल्या वयोगटाच्या वेळेपेक्षा किती आधी शर्यत संपवली ते बघतात आणि सगळ्यात मोठ्या फरकापासून खाली येत जातात. जिथे जागा संपतात तिथे रेघ, तोच कट-ऑफ. त्या वर्षी ३६,३९३ जणांनी अर्ज केले होते आणि १२,३२४ जण रेघेच्या खाली राहिले. हे सगळे पात्र धावपटू होते. मी त्यांतली एक.

आणि ही रेघ आधी कुणालाच ठाऊक नसते. २०२२ आणि २०२३ ला पात्र ठरलेल्या प्रत्येकाला घेतलं होतं, कट-ऑफ लागलाच नाही. त्याआधी २०२१ ला, कोरोनामुळे जागा कमी होत्या तेव्हा, तो ७ मिनिटं ४७ सेकंदांवर गेला होता. म्हणजे तुम्ही धावता त्या दिवशी समोर जे लक्ष्य असतं ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं जगभरातले हजारो अनोळखी लोक वर्षभर आपापल्या शर्यतींत धावून ठरवतात. सुरुवातीला मला याचा फार राग आला. मग हळूहळू वाटायला लागलं की माझ्यासारख्याच कुणीतरी पहाटे उठून ते सेकंद कमावलेत. आपण त्यांच्यावर कशाला चिडायचं?

वयाचं गणितही सांगायला हवं. शर्यत धावलात त्या दिवशीचं वय धरत नाहीत, बोस्टनच्या दिवशीचं धरतात. जानेवारी २०२४ मध्ये ते ३:४४:२० धावले तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. पण एप्रिल २०२५ पर्यंत माझी पंचेचाळिशी पूर्ण होणार होती, म्हणून मला ४५ च्या गटाची वेळ लागू झाली. दोन महिने उशिरा, मेमध्ये जन्मले असते, तर मला ३:४० ची वेळ लागली असती आणि अर्जच करता आला नसता. माझा वाढदिवस मार्चमधला. वय वाढल्याचा इतका सरळ आनंद मला कधीच झाला नव्हता.

त्याच सप्टेंबरात दुसरी बातमी आली. २०२६ साठी साठीच्या आतल्या सगळ्या गटांच्या वेळा पाच मिनिटांनी कमी केल्या. माझी वेळ आता ३:४५. त्यावर कट-ऑफ किती लागेल ते देवाला ठाऊक. कोच सरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तीन चाळीसच्या आत. बाकी काही डोक्यात ठेवू नकोस."

पण मी मागची शर्यत डोक्यात ठेवली. ते एकाहत्तर सेकंद नेमके कुठे गेले ते मला हवं होतं. घड्याळातली नोंद उघडून मी दोन संध्याकाळी त्या शर्यतीचा एकेक किलोमीटर तपासला.

पहिले पाच किलोमीटर मी ५:०२ च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं २ सेकंदांच्या वेगाने, पळाले होते. ठरवला होता ५:१५. त्या वेळी पाय हलके होते आणि गर्दी पुढे ओढत होती. त्याचं मोल पस्तिसाव्या किलोमीटरनंतर चुकवलं, तिथून पुढे पेस ५:४० च्या पुढे गेला होता. ३० आणि ३५ ला पाण्याच्या टेबलांपाशी चालले होते. ग्लास हातात घेऊन पळताना पाणी नाकात जायचं, म्हणून चालले. दोन्ही ठिकाणी मिळून पंचवीस सेकंद. हे सगळं मला आधीपासून अंदाजाने माहीत होतं. ज्याने मी थबकले ते वेगळंच होतं. घड्याळाने अंतर दाखवलं होतं ४२.५६ किलोमीटर.

मॅरेथॉन ४२.१९५ ची. मग हे ३६५ मीटर कुठले? तेव्हा मी पहिल्यांदा मॅरेथॉनचा मार्ग कसा मोजतात ते वाचलं, आणि आता पळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असते. प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं एक छोटं मोजयंत्र लावतात. ते चाक आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर कितीतरी वेळा फिरवून पारखून घेतात. आणि मोजायचं ते जवळात जवळच्या वाटेने, म्हणजे प्रत्येक वळणाला कडेपासून फक्त तीस सेंटिमीटर सोडून, एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे सरळ रेषेत. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे रस्त्यावर मुळातच बेचाळीस मीटर जास्त असतात. त्यापुढचं जे काही जास्त पळतो ते आपलं आपण. रस्त्याच्या मधोमध पळत राहिलो, वळणं बाहेरून घेतली, पाण्यासाठी या कडेवरून त्या कडेला गेलो, की ते वाढतं.

माझ्या ३६५ मीटरांतले काही घड्याळाच्या चुकीचे असणार, सगळे माझ्या पायांचे नाहीत. तरी त्या पेसने ३६५ मीटर म्हणजे जवळपास दोन मिनिटं. मला कमी पडले होते एकाहत्तर सेकंद. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मी कमी पळाले म्हणून मागे राहिले असं इतके दिवस वाटत होतं, आणि कदाचित मी जास्त पळाल्यामुळे मागे राहिले होते.

यातली दुसरी गोम पेसची. घड्याळाने शर्यतभर सरासरी ५:१६ दाखवली होती, खरी सरासरी ५:१९ होती, कारण घड्याळ त्याने मोजलेल्या जास्त अंतराने भागत होतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते बेचाळीस वेळा लागतात.

ऑक्टोबरपासून अठरा आठवड्यांचं वेळापत्रक सुरू झालं. आठवड्यात पाच दिवस पळणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम. बुधवारी इंटरव्हल, म्हणजे थोडं अंतर जोरात, मग थोडा दम खायचा, परत जोरात. सरांनी शेवटच्या महिन्यात यासो ८०० ठेवले होते. बार्ट यासो या अमेरिकन धावपटूच्या नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम आहे. जितक्या तास-मिनिटांत मॅरेथॉन करायची तितक्या मिनिट-सेकंदांत ८०० मीटर, असे दहा. माझ्यासाठी ३ मिनिटं ४० सेकंदांचे दहा. ते जमले तेव्हा मी उड्या मारत घरी आले. सरांनी तेवढ्यावर खूश होऊ दिलं नाही. "यासो जरा जास्तच आशा लावतात," ते म्हणाले, "तुझं खरं रविवारी कळेल."

आणि ते खरंच होतं. माझी सगळी मॅरेथॉन रविवारच्या लाँग रनमध्ये घडली. बत्तीस किलोमीटर, त्यातले पहिले वीस सावकाश, शेवटचे बारा शर्यतीच्या पेसने, थकलेल्या पायांवर. लेक सायकलवरून सोबत यायची. तिच्या बास्केटमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि पळताना खायचं एनर्जी जेल. पहिल्या दोन रविवारी ती कंटाळली, पण पुढे तिने काम अंगावर घेतलं. कागदाचे ग्लास घेऊन यायची, रस्त्याच्या कडेला सायकल लावून हात लांब करून उभी राहायची आणि मी पळता पळता ग्लास उचलायचा. ग्लासचं तोंड चिमटीत दाबून चोच करायची आणि दोन घोट घ्यायचे, हे मला त्या पोरीने एका व्हिडिओतून शिकवलं. पहिल्यांदा सगळं पाणी अंगावर. पाचव्या रविवारी एक थेंब सांडला नाही. ती ओरडली, "आई, झीरो सेकंद!" पंचवीस सेकंदांतले पंचवीस परत आले होते.

वळणांचा सरावही तेव्हाच केला. गाडी नसलेल्या पहाटेच्या रस्त्यावर पुढचं वळण दिसलं की त्याच्या आतल्या कडेवर नजर ठेवायची आणि तिकडे सरळ तिरकं पळायचं. आधी फार विचित्र वाटतं. माणसाला रस्त्याच्या कडेला समांतर पळायची सवय असते.

नवव्या आठवड्यात पोटरी धरली आणि अकरा दिवस पळणं बंद राहिलं. त्या अकरा दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घरातले सगळे माझ्याशी जपून बोलत होते.

फेब्रुवारी २०२५. सुरुवातीच्या रेघेपाशी अकरा अंश तापमान, वारा नाही. यापेक्षा चांगला दिवस मागूनही मिळाला नसता. डाव्या हातावर पेनने चार आकडे लिहिले होते: १० किलोमीटरला ५२:०८, अर्ध्यावर १:५०:००, तीसला २:३६:२५, चाळीसला ३:२८:३४. घड्याळाचं आपोआप लॅप मोजणं बंद करून टाकलं होतं. दर किलोमीटरच्या पाटीपाशी मी स्वतः बटण दाबणार होते, म्हणजे पेस रस्त्याचा मिळेल, घड्याळाचा नाही.

३:४० चा झेंडा घेतलेला पेसर, म्हणजे बरोबर त्या वेळेच्या वेगाने पळून इतरांना सोबत करणारा धावपटू, माझ्या पुढे होता, चाळीसेक सेकंद. एरवी मी त्याला गाठायला धावले असते. पण पात्रतेसाठी चिपची वेळ धरतात, आपण सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासूनची. तो आधी निघालाय, मी नंतर, इतकंच. तो डोळ्यांसमोर राहिला तरी पुरे. पहिले दहा किलोमीटर मी स्वतःला अक्षरशः धरून ठेवलं. लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. दहाला ५२:२० झाले. हातावरच्या आकड्यापेक्षा बारा सेकंद मागे, आणि मला एवढं शांत कधी वाटलं नव्हतं. अर्ध्यावर १:५०:१२. तीसला २:३६:४०.

तीसनंतर काय होतं ते मॅरेथॉन पळालेल्या माणसाला सांगायला नको. स्नायूंमधली साठवलेली साखर संपत येते आणि शरीर सौदा करायला लागतं. मी सुरुवातीपासून दर अर्ध्या तासाने जेल घेतलं होतं, भूक नसताना, नको वाटत असताना. पस्तीसला मागच्या वेळी जिथे चालले होते तसंच टेबल आलं. ग्लास उचलला, चिमटीत दाबला, दोन घोट, पुढे. लेकीचा आवाज कानात आला म्हणायला हरकत नाही. सदतिसाव्याला पेसरभोवतीचा घोळका फुटला, एकेक जण मागे पडत माझ्या जवळ आला आणि मागे गेला. एकोणचाळिसाव्याला मी पेसरला ओलांडलं. त्याने वळून पाहिलं आणि हाताने पुढे जा अशी खूण केली.

चाळीस. ३:२८:२८. हातावरचा आकडा घामाने पुसट झाला होता, पण मला तो पाठ होता. पहिल्यांदाच मी त्याच्या पुढे होते. सहा सेकंद.

शेवटच्या वळणाला आतली कड धरली. तिथे दोनच माणसं होती, बाकी सगळे रस्त्याच्या मधून पळत होते. ३ तास ३९ मिनिटं ४८ सेकंद. घड्याळातलं अंतर ४२.३१.

मी तिथे रडले. सरांना फोन लागेना, तर त्यांना नुसता आकडा पाठवला.

यापुढचे सात महिने मात्र मी निर्धास्त राहिले नाही. माझा बफर आता ५ मिनिटं १२ सेकंद होता, आणि आदल्या वर्षी ६:५१ लागला होता. वेळा कडक झाल्यामुळे कट-ऑफ खाली येईल असं सगळे म्हणत होते, पण गेल्या वेळी मी अशाच अंदाजावर बसले होते. ऑगस्टच्या अखेरीस आणखी एक मॅरेथॉन धावले. दमट हवेत ती ३:४३ ला संपली. सप्टेंबरमध्ये अर्जात फेब्रुवारीचीच वेळ भरली.

धर्मादाय संस्थेसाठी निधी गोळा करूनही बोस्टनला धावता येतं. दोघा-तिघांनी मला तेही सुचवलं होतं. त्या वाटेने जाणारे मोठं काम करतात, एकेकाने उभे केलेले पैसे पाहून मी थक्क होते. पण मला ही रेघ पळूनच ओलांडायची होती. त्यामागे एक कारण आहे. १९६६ मध्ये बॉबी गिब सुरुवातीच्या रेघेजवळच्या झुडपांत लपून बसली आणि मग पुरुषांच्या घोळक्यात शिरून धावली, कारण बायकांना प्रवेशच नव्हता. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने 'के. व्ही. स्विट्झर' अशी आद्याक्षरं लिहून छातीवर लावायचा २६१ नंबरचा बिब मिळवला आणि भर शर्यतीत एक अधिकारी तो ओढून काढायला तिच्या अंगावर धावून गेला. १९७० मध्ये पहिल्यांदा पात्रतेची अट आली, चार तासांची, तीही फक्त पुरुषांसाठी. बायका अधिकृतपणे धावल्या १९७२ ला. आठ जणी होत्या, आठही जणींनी शर्यत पूर्ण केली आणि नीना कुस्किक ३:१०:२६ मध्ये पहिली आली. माझ्या वयोगटापुढे छापलेल्या त्या ३:४५ कडे मी बघते तेव्हा मला आधी हे दिसतं. आपल्यासाठी एक वेळ ठरवलेली असणं, ती कडक असणं, वेळोवेळी आणखी कडक होत जाणं, हा मला मान वाटतो.

२०२६ चा कट-ऑफ ४ मिनिटं ३४ सेकंद लागला. ३३,२४९ अर्ज, २४,३६२ जणांना प्रवेश. माझ्याकडे अडतीस सेकंद जास्त होते. या वेळी मी वजाबाकी एकदाच केली.

लेकीने मिठी मारली. सर म्हणाले, "आता चढ." बोस्टनच्या मार्गावरच्या न्यूटन गावातले चढ साधारण सव्वीस किलोमीटरनंतर सुरू होतात, चार आहेत, शेवटचा हार्टब्रेक हिल, आणि त्याआधी, शर्यत जिथे सुरू होते त्या हॉपकिंटनपासूनच्या उताराने मांड्या पिळून निघालेल्या असतात. म्हणून आता बुधवारी चढ आणि शनिवारी उतार. शर्यत २० एप्रिल २०२६, सोमवार.

पण हे सगळं लिहायला मी बसले ते माझ्या निकालामुळे नाही. माझी रनिंगची मैत्रीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तिची पात्रता वेळ ३:५०. ती ३:४५:३५ धावली होती. बफर चार मिनिटं पंचवीस सेकंद. तिला नऊ सेकंद कमी पडले.

मी तिला फोन केला तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना, आणि मला ते एकाहत्तर सेकंदांनंतर तरी सुचायला हवं होतं. तीच म्हणाली, "अगं, तू जाऊन ये. मी येतेच पुढच्या वर्षी." तिने मध्यंतरी मोठ्या उताराच्या एका शर्यतीचा विचार केला होता. २०२७ पासून तोही रस्ता तसा उरलेला नाही. मार्ग एकूण १५०० फूट किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर धावलेल्या वेळेत पाच मिनिटं वाढवणार, ३००० फुटांपासून दहा, आणि ६००० फुटांपासून पुढे ती शर्यत धरणारच नाहीत. मला हे पटतं, तिलाही पटतं. बोस्टन स्वतःच साधारण १४० मीटर खाली उतरतं, पण डोंगरावरून गडगडत आणलेल्या वेळेची सपाट रस्त्यावरच्या वेळेशी तुलना करणं बरोबर नव्हे.

गेल्या रविवारी आम्ही दोघी अठ्ठावीस किलोमीटर पळालो. तिच्या पेसने नऊ सेकंद म्हणजे किती अंतर होतं ते तिने आधीच काढून ठेवलं होतं, अठ्ठावीस मीटर. रन संपल्यावर तिने रस्त्यावरच्या एका झाडापाशी चपळाईने टाच टेकवली आणि पावलं मोजत चालत गेली. अडतीस पावलं. तिथे उभी राहून तिने मागे वळून झाडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. एका श्वासाचं अंतर होतं.

मग तिने बाटलीतलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं, घड्याळ शून्यावर आणलं आणि म्हणाली, "अजून एक चक्कर. हळूच." निघाली. पुढच्या वळणाला ती आतल्या कडेला इतकी चिकटून वळली की तिचा बूट दगडाला घासला. मी तिच्या मागोमाग वळले.